शेकोटीपाशी

चाकाला लागलेल्या काळ्या मातीचा ओला वास आला, की मला लळिंगच्या डोंगरउतारावरचं आमचं शेत आठवतं. नव्वदच्या दशकातला पौष, अवकाळी पाऊस, बोचरा वारा. मी आणि माझा एक मित्र सायकलींवरून शेताकडे निघालो होतो. त्याच्याकडे जाड टायरांची गियरची सायकल होती. तो चिखलातून सरळ चढ चढून गेला. माझ्या सायकलीच्या मडगार्डात माती अडकली, म्हणून मी ती खांद्यावर घेऊन पोहोचलो. शेतात शेकोटीपाशी माझे वडील त्याचे गारठलेले हात चोळत होते. "भारी गडी शे रे तू!" ते त्याला म्हणत होते. मला पाहून एवढंच म्हणाले, "सायकल धुई टाक." मित्र म्हणाला, "उतरताना माझी घे." जळफळत मी नको म्हणालो. वडील जाऊन वर्षं झाली. तरी तो मित्र भेटला, की माझी नजर आधी त्याच्या हातांकडे जाते.