काट मारलीत, आता सही करा

माझा कागद त्यांनी परत दिला तेव्हा त्यावर अकरा ओळी उरल्या होत्या. मी लिहिल्या होत्या तीस. बाकीच्या ओळींवर काळ्या मार्करनं अशी काट मारलेली, की खालचं एक अक्षर दिसू नये.

"बस इतना ही बोलिए," ते म्हणाले. "दुख बोलिए। मशीन वाला हिस्सा रहने दीजिए।"

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमधे हे झालं. खाली फरशीवर कापडी बॅनर वाळत घातलेला. त्यावर लाल रंगात 'जवाब दो'. रविवारी श्रद्धांजली सभा होती, काही वर्षांपूर्वी कोरोनात गेलेल्यांची. आसपासच्या सोसायट्या, दोन-तीन संस्था, सगळ्यांनी मिळून ठरवलेली. फोटो लावायचे, नावं वाचायची, आणि ऑक्सिजनवाचून माणसं का मेली याची चौकशी करा असा अर्ज सरकारला पाठवायचा. काम चांगलंच होतं. मी नाही म्हणत नाही.

मला बोलायला सांगणारे आणि माझा कागद काळा करणारे एकच. आमचे अध्यक्ष. मिनिस्ट्रीतून फार वरच्या खुर्चीवरून रिटायर झालेले. मी त्याच सरकारात क्लार्क. वेगळी मिनिस्ट्री, वेगळी इमारत, पण उतरंड सगळीकडे तीच. मला का निवडलं तेही त्यांनी सांगितलं होतं. "आपके समाज से भी कोई बोले तो अच्छा मैसेज जाता है।"

आपका समाज म्हणजे कोणता, ते बोलले नाहीत. गरज काय? दारावर आडनावाची पाटी आहे, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. वीस वर्षं राहतेय इथे. दारात उभं राहून तसबीर बघितली की माणसं म्हणतात, पानी रहने दीजिए, अभी पीकर आया हूं. एवढी तहान भागलेली माणसं मी दुसऱ्या कुठल्या शहरात बघितली नाहीत.

तर मशीनचं सांगते. काट मारलेलं तेच होतं.

दुसऱ्या लाटेत सोसायटीनं ऑक्सिजनचं एक मशीन आणलं होतं. कॉन्सन्ट्रेटर. एकच मिळालं. बेड कुठेच नव्हते, सिलिंडर नव्हते, फोनवर फोन चालले होते. मशीन एक आणि दम कोणाला कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून नंबर लावायचे ठरले. ज्याचा फोन आधी, त्याचा नंबर आधी. अध्यक्षांनी मला फोन केला. "मैडम, आप सरकारी हैं, हैंडराइटिंग भी अच्छी है। लिस्ट आप रखिए।"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वीस वर्षांत सोसायटीनं मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी फूलस्केप कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या. नंबर, नाव, फ्लॅट, ऑक्सिजन किती, फोन कधी आला. मोठ्या मानानं यादी केली.

आणि तिसऱ्या दिवशी माझ्या आईला ताप चढला.

आई यवतमाळकडची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया होती. लोकांचे बेडपॅन उचलले, पोरं जन्मताना बायांचे हात धरले, सिलिंडर ढकलत नेले. रिटायर झाल्यावर माझ्याकडे आली. दिल्लीत राहून तिची वऱ्हाडी एका अक्षरानं बदलली नाही. भाजीवाल्याशीही वऱ्हाडीतच भांडायची, आणि तो सुद्धा बरोबर समजायचा.

तिचं नाव मी यादीत लिहिलं. दुसरं. तिच्या आधी सी ब्लॉकमधल्या एक रिटायर्ड टीचर होत्या, मशीन त्यांच्याकडे चालू होतं. यादी माझ्या हातात होती, कोण बघणार होतं? पण मी आईला पहिलं नाही लिहिलं. नियम म्हणजे नियम. आईही म्हणाली, "बराबर केलं. त्या बाईचा नंबर आधी हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी टीचरना हॉस्पिटलमधे बेड मिळाला. मशीन मोकळं झालं. आईचा ऑक्सिजन शहाऐंशी होता. मी खाली गार्डला सांगायला निघाले आणि फोन वाजला. अध्यक्ष.

"मैडम, दो और तीन नंबर बदल दीजिए।"

तीन नंबरवर त्यांचे व्याही होते. राहायला करोल बागला, आमच्या सोसायटीचे नव्हेतच. अध्यक्षांच्या शब्दाखातर नाव घेतलं होतं. ऑक्सिजन त्र्याण्णव. मीच लिहिला होता.

मी म्हटलं, "सर, दो नंबर पे मेरी मां हैं।"

"अरे, तो आपको क्या चिंता! माताजी तो अस्पताल वाली हैं। और आप लोगों का तो हर जगह कोटा है। बेड मिल जाएगा।"

आणि ते हसले. विनोद होता तो.

मी पण हसले. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायचंच आहे. माझी आई आतल्या खोलीत श्वास मोजत होती आणि मी हसले. म्हटलं, "जी सर।" फोनवर बोलताना मी उभी होते. माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात, त्या माणसाच्या आवाजासाठी मी उभी राहिले होते. ऑफिसात मोठ्या साहेबांचा फोन आला की उठायचं, ती सवय. हाडात गेलेली.

मग मी यादी काढली आणि आईच्या नावावर काट मारली. तिला खाली तिसरं लिहिलं. त्यांच्या व्याह्यांना दुसरं. माझ्या चांगल्या हँडरायटिंगमधे.

एक सांगते, ऑफिसात काम केलेल्यांना कळेल. फाइलवर लिहिलेलं पुसता येत नाही. व्हाइटनर चालत नाही, पान फाडता येत नाही. काट मारायची तर एका रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही आणि तारीख. दुसरं म्हणजे साहेबांनी तोंडी काही सांगितलं तर ते नोटवर घ्यायचं, की अमुक साहेबांनी फोनवर सांगितलं म्हणून असं केलं. नाहीतर साहेब हात झटकून मोकळे आणि मान क्लार्कची अडकते. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या क्लार्कला मी हे पहिल्या दिवशी शिकवलंय. पण त्या दिवशी माझ्याच आईच्या नावापुढे मी काही लिहिलं नाही. सही नाही. कोणी सांगितलं ते नाही. एक रेघ मारली फक्त.

आत गेले तर आईनं विचारलं, "आपला नंबर कितवा वं?"

"तिसरा."

"सकाळी दुसरा व्हता ना?"

मी चादर नीट करायला लागले. तिनं बोटातला ऑक्सिमीटर बघितला. त्यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, तीस वर्षं तेच तर बघितलं होतं. मग माझ्याकडे बघितलं.

"फोनवर हासत कायले व्हती?"

एवढंच. नंतर ती माझ्याशी बोलली नाही. दम पुरत नव्हता म्हणून, की बोलायचंच नव्हतं म्हणून, ते मला कधीच कळणार नाही. हेच मला खातं. संध्याकाळच्या आत ती गेली. मशीन करोल बागहून तीन दिवसांनी परत आलं. सर्टिफिकेटवर कारण लिहिलं हृदय बंद पडणे. अरे, मेलेल्या माणसाचं हृदय बंदच पडतं की! कोरोनाचं नावसुद्धा नाही.

तर त्या तीस ओळींत मी हे लिहिलं होतं. अध्यक्षांचं नाव होतं आणि माझंही होतं. त्यांनी दोन्ही काळी केली. माझ्या हातात ठेवलं काय, तर 'मां', 'आंसू' आणि 'सिस्टम'.

हॉलमधे मी तो कागद बघत उभी राहिले. पहिला राग आईच्या जाण्याचा किंवा कोट्याचा नव्हताच, खरं सांगते. राग आला त्या मार्करचा. एवढ्या वरच्या खुर्चीवर बसलेला माणूस, आयुष्यभर फाइली बघितलेला, आणि काट अशी मारतो? मी पर्समधून पेन काढलं. कागद त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"सर, जो काटा है, उसके बगल में साइन कर दीजिए।"

ते हसले. तेच हसू, फोनवरचं. "यह ऑफिस थोड़े ही है मैडम।"

"साइन सर। और तारीख।"

या वेळी मी हसले नाही. हॉलमधे बॅनर रंगवणाऱ्या पोरी बघायला लागल्या. अध्यक्षांचा चेहरा तापला. त्यांना बरोबर कळलं होतं मी काय मागतेय. सही म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? म्हणून तर जन्मभर तोंडी सांगत आले.

"आप भावुक हो रही हैं। हमारी लड़ाई सिस्टम से है, आपस में नहीं।" मग आवाज खाली आणून, "आप रहने दीजिए। किसी और को बुलवा लेंगे।"

सिस्टम. बेड नव्हते ती सिस्टम, मान्य. ऑक्सिजन नव्हता ती सिस्टम. सर्टिफिकेटवर खोटं लिहिलं तीही सिस्टम. पण सी ब्लॉकहून करोल बागला मशीन ज्या गाडीतून गेलं ती गाडी कोणत्या मिनिस्ट्रीची होती? ती तर अध्यक्षांच्या पार्किंगमधे उभी असते. रोज बघते मी.

घरी आले, यादी काढली. ऑफिसची जुनी सवय, कागद फेकत नाही मी. मुलीला दाखवली. ती आजीच्या कुशीत वाढलेली, आता नोकरी करते. आधी म्हणाली, "छोड़ ना यार मम्मी, आता काय फायदा?" मग तिनं नीट बघितलं.

"हे अक्षर तुझं आहे. नाव तू काटलंस?"

"हो."

दोन दिवस ती मी भरलेला डबा न घेताच ऑफिसला गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बोल तू. पण स्वतःचंसुद्धा बोल. ते काटू नको." मी म्हटलं, तेच तर बोलायचंय.

रविवारी मी गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. खुर्च्यांवर पांढरी कव्हरं, समोर फोटो, फोटोंपुढे दिवे. नावं वाचत होते. आईचं नाव आलं तेव्हा मी उठले आणि जागेवरूनच बोलायला लागले. माइक नव्हता. पुन्हा लिहून काढलेल्या तीसच्या तीस ओळी वाचल्या, हिंदीत, सगळ्यांना समजेल अशा. मशीन, फोन, कोटा, हसणं. "नाम मैंने काटा। कहा इन्होंने।" बोट दाखवलं.

काय झालं असेल वाटतं? काही नाही. कोणी ओरडलं नाही. एक बाई म्हणाल्या, शांत हो जाइए बहनजी. अध्यक्षांनी पुढचं नाव वाचायला सांगितलं. पुढचं नाव वाचलं गेलं. मग चहा झाला.

चहाच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले. ते व्याही. हात जोडले. म्हणाले, "मुझे तो बताया था कि मशीन ऐसे ही पड़ी है।" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना माफ बिफ केलं नाही. त्यांच्यावर राग तरी काय धरायचा. मला फक्त खूप थकवा आला. मी एका पांढऱ्या खुर्चीवर बसले आणि कप हातात तसाच राहिला.

आता लिफ्टमधे लोक मोबाइलमधे बघतात. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, दुख में जाति मत लाइए. मी लिहिलं, मी नाही आणली, ती फोनवरून आली होती. नंतर मी ग्रुप बघणं सोडलं. सभेचा अर्ज गेला, पण माझा कागद त्याला जोडला नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसं मलाच सांगितलं की मी आंदोलन फोडतेय.

बरं. अर्ज मला पण लिहिता येतो. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

काल मी जुनी यादी समोर घेतली. आईच्या नावावरच्या त्या रेघेशेजारी लिहिलं, 'फोनवरच्या तोंडी आदेशानुसार', पुढे अध्यक्षांचं पूर्ण नाव आणि पद. खाली माझी सही. तारीख कालचीच टाकली, लिहिलं त्या दिवसाची. मागची तारीख टाकता येते, ऑफिसात सगळ्यांना येते. मी नाही टाकली. एवढी वर्षं गप्प बसले, तेही कागदावर दिसू दे.

मग अर्ज. बेड कुठे होते, ऑक्सिजन कुठे होता, सर्टिफिकेटवर आईचं खरं कारण का नाही, हे सगळं दुसऱ्या पानापासून आहे. यादी जोडलीय. पोचपावती घेणार आहे, डायरी नंबर घेणार आहे, आणि दर महिन्याला रिमाइंडर पाठवणार आहे. एकदा नंबर पडला की कागद दाबता येतो, पण नव्हताच असं म्हणता येत नाही. माझी नोकरी अजून चार वर्षं आहे. मला घाई नाही.

पहिल्या पानावर, चौकशी कोणाची करावी, त्याखाली दोन नावं आहेत. नंबर एक, मी. नंबर दोन, अध्यक्ष.

या वेळी नंबर बदलणार नाही.