गोखरूची भावकी

बुरशीचं कूळ लावण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस औरादपासून गुलबर्ग्यापर्यंत सापडायचा नाही. सख्ख्या मेव्हणीचं नाव विसरतील, पण करडईवरचा करपा दिसला की त्याचे चुलतभाऊ-मावसभाऊ कोणकोणत्या तणावर नांदतात हे घडाघडा सांगतील. गुलबर्ग्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते कमलनगरजवळच्या गावी परतले ते सूक्ष्मदर्शक घेऊनच. रोगट पानं दडपून वाळवायला त्यांना लग्नपत्रिका लागत. पिकांची पानं वरपक्षाच्या पत्रिकेत, तणांची वधूपक्षाच्या. भाचीच्या लग्नाचा कोरा गठ्ठाही त्यांनी सोडला नाही. बिदरच्या बड्या पाहुण्यांनी पत्रिका उघडली तर मांडीवर डागाळलेलं गाजरगवत! आणि ऐन मंगलाष्टकांत तोरणातलं झेंडूचं पान उलटं करून हे ओरडले, "थांबा, ह्येच्यावरबी हाय!"

याच वेडापायी त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, त्यांच्याशी बोलेनासे झाले. दोघांच्या शेतांमध्ये एकच बांध. साडूंनी आपल्या बाजूला अभ्यासासाठी गोखरू माजू दिलेलं. अण्णांची करडई करपली आणि ते कडाडले, "तुझ्या गवतानं माझं पीक खाल्लं!"

"गोखरूवरची बुरशी येगळी हाय, अण्णा. लांबची चुलत. करडईवर जायाची न्हाई," साडूंनी सुनावलं.

झालं, दोन्ही घरांतलं येणंजाणं बंद. साडूंचं जेवणावरून मन उडालं. अण्णांशिवाय त्यांना करमत नसे, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटी त्यांनी कुंडीत करडई लावली आणि गोखरूची रोगट पानं धुतलेलं पाणी तिच्यावर शिंपडलं. मी भेटायला गेलो तेव्हा पानांवर तपकिरी डाग उठले होते. सूक्ष्मदर्शकाला लावलेला डोळा काढून त्यांनी कुंडी उचलली.

"चुलत न्हाई, हीच ती. अण्णाचं बरोबर हाय. चला."

"आत्ता? उद्या जाऊ की."

"उद्या धीर व्हायचा न्हाई."

कुंडी पोटाशी धरून ते अण्णांच्या ओसरीवर उभे राहिले. "अण्णा, माझं चुकलं. माझ्याच गोखरूवरनं आली."

अण्णांनी कुंडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "येवढं सांगायला कुंडी कामून आणलास? जेवलास का?"

साडू लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ बांधावर खुरपी घेऊन बसले होते, आणि उपटलेल्या प्रत्येक गोखरूची वंशावळ अण्णांना ऐकावी लागत होती.

अण्णा जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या शेतात हल्ली तूर असते. गोखरूवरच्या त्या बुरशीचं तुरीशी काही नातं नाही, हे साडूंइतकं कुणाला ठाऊक? तरी परवा गेलो तर ते बांधावर गोखरूच काढत होते.

"आता कशाला?" मी विचारलं.

"बोलायला अण्णा न्हाई, म्हणून वाढू देऊ व्हय?"

त्यांच्या शेजारी अण्णांचं खुरपं ठेवलेलं होतं. मी ते उचललं आणि जवळ बसलो.