सदाची बाळं आणि माझे किल्ले

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं एकाच नादाला लागली आणि त्यातला एक पुढं निघून गेला, की उरलेल्या तिघांकडं ते आपोआप साठायला लागतात. माझ्याकडं सात वह्या भरल्यात. रोज डायरी लिहायची सवय आहे, त्यामुळं कोणत्या दिवशी कोणाच्या वेबसाईटवर कसली जाहिरात आली हेसुद्धा लिहून ठेवलंय. परवा चाळताना लक्षात आलं, की निम्म्या नोंदी माझ्या साईटच्या नाहीतच. सदाच्या साईटच्या आहेत!

शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर माझं टायपिंग इन्स्टिट्यूट. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, मागोमाग इंटरनेट आलं, आणि दर रविवारी सकाळी आम्ही चौघं तिथं जमायला लागलो. मी किल्ल्यांच्या माहितीची साईट काढली होती. आजऱ्याकडचे काजूचे व्यापारी बसूअण्णा यांची काजूची साईट. गारगोटीच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या कांबळे सरांची गणिताच्या कोड्यांची. आणि खालच्या गाळ्यात लग्नपत्रिका छापणारा सदा. याची साईट म्हणजे बाळांची नावं!

बारशाच्या पत्रिका छापताना गिऱ्हाईक विचारायचं, "एखादं चांगलं नाव सुचवा की." म्हणून सदानं एक वही केली होती. तीच वही त्यानं साईटवर चढवली. कशी चढवायची ते एका दुपारी मीच शिकवलं. माझ्या खुर्चीत बसवून. वर चहा पाजून.

*

जाहिरातींचं मी पहिल्यांदा बैठकीत समजावून सांगितलं तो रविवार आठवतो.

"एक कंपनी आहे. ती आपल्याला चार ओळींचा कोड देते. तो आपल्या पानात चिकटवायचा. कंपनीचं मशीन येऊन आपलं पान वाचतं, आणि पानावर जो विषय असेल त्याला जुळणारी जाहिरात तिथं लावतं. वाचणाऱ्यानं तिच्यावर क्लिक केलं, की जाहिरातदार कंपनीला पैसे देतो आणि त्यातला वाटा आपल्याला."

बसूअण्णांनी सुपारी कातरत थोडा विचार केला. "म्हंजे भित आपली, जाहिरात परक्याची, आन् रंगारी मशीन?"

"बरोबर."

"मग मशीन वाचतंय म्हणजे काय, आपलं सगळं पान वाचतंय?"

"अक्षर न् अक्षर."

"अय्यो! आमच्या घरातल्यांनी पण अजून वाचलं न्हाय!"

*

मशीननं माझं पान वाचलं नाही.

मराठी टायपिंग हा माझा हातखंडा. चाळीस किल्ल्यांची माहिती मी मराठीत टाईप केली होती, एकही चूक नाही. पण त्या वेळचे आमचे फॉन्ट म्हणजे नुसता मुखवटा असायचा. माणसाला वर मराठी दिसायचं, मशीनला आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा. दोन महिने माझ्या प्रत्येक किल्ल्यावर एकच जाहिरात होती, झाडं लावा म्हणून. धर्मादाय जाहिरात! मशीनला काही कळलं नाही, की ते तसली लावायचं.

कांबळे सर हळूच म्हणाले, "मास्तर, त्याला वाटलं असंल तुम्ही डुलकी घेत घेत टाईप केलंय."

सदाच्या साईटवर मात्र पहिल्याच दिवशी पाळणे, लंगोट, बाळाचं तेल, दुधाच्या बाटल्या! त्याची सगळी नावं इंग्रजी अक्षरांत होती.

"तुला कसं सुचलं रे इंग्रजीत करायचं?" मी विचारलं.

"सुचलं कशाचं मास्तर! मला मराठी टायपिंग येतच न्हाय की!"

त्या रात्रीची डायरी एका ओळीची आहे. 'वीस वर्षं लोकांना मराठी टायपिंग शिकवलं.' पुढं काही लिहिलेलं नाही.

*

मग शब्दकोश मांडीवर घेऊन चाळीसही किल्ले इंग्रजीत उतरवले. पाच महिने लागले. मशीन आलं, वाचलं, आणि पन्हाळ्याच्या पानावर माझी पहिली खरी जाहिरात झळकली. 'किल्ल्यात लग्न करा!' परदेशातला कुठला तरी किल्ला होता, हिरवळ, पांढरा झगा घातलेली नवरी.

चौघांनी मिळून बघितली. मी पेढे आणले होते. सदानं एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "मस्त हाय की मास्तर! आता बघा हं, लगीन तुमच्या किल्ल्यावर करतील आन् नाव ठेवाय माझ्याकडं येतील!"

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं किती वेळ टिकवायचं हे मला कळेना.

*

बसूअण्णांचा किस्सा वेगळा. त्यांच्या काजूच्या पानावर एक दिवस त्यांच्या साडूचीच जाहिरात! तोही आजऱ्याचाच, तोही काजूवालाच, आणि दोघांचं दहा वर्षं बोलणं बंद.

"माझ्या पायरीवर बसून ह्यो काजू इकतोय! काढा म्हणावं त्याला!"

मी समजावलं, "अण्णा, तुमच्या पानावर काजू, त्याच्या जाहिरातीत काजू. मशीनला तुमची भांडणं काय माहीत? उलट कुणी क्लिक केलं तर त्याच्या खिशातनं जातात."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

पुढचे चार दिवस अण्णांनी काजूची पेढी पोरावर सोपवली आणि स्वतः माउस धरून बसले. साडूच्या जाहिरातीवर क्लिक, पुन्हा क्लिक, जेवून आले की क्लिक. पाचव्या दिवशी कंपनीनं खातं बंद केलं. आपल्याच साईटवरच्या जाहिरातीवर मालकानं क्लिक करायचं नसतं. तो पहिला नियम आहे.

"अण्णा, नियम वाचला नव्हता का?"

"इंग्रजीत हुता. आन् साडू मराठीत दिसत हुता!"

मला वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटलं. निदान एक तरी माझ्या मागं होता.

*

कांबळे सरांच्या कोड्यांवर मशीन फार गोंधळायचं. 'दोन गाड्या समोरासमोर येत आहेत' या गणितावर गाडीच्या विम्याची जाहिरात. 'एका चोरानं तीन कुलपं उघडली' यावर कुलपांची.

मी त्यांना सल्ला दिला, "सर, गणितात कर्ज घाला, घर घाला. असल्या शब्दांना भारी जाहिराती येतात. मी अभ्यास केलाय."

सर चहा संपवून म्हणाले, "मास्तर, पोरांना गणित शिकवायचंय की कर्ज?"

"पण मग मिळणार काय तुम्हाला?"

"रोज दोन-चार ईमेल येतात की. 'सर, उत्तर आलं!' म्हणून. लांब लांबनं येतात."

मला आठ वर्षांत एका किल्ल्याबद्दल एकच ईमेल आली होती. त्या माणसाला पार्किंग आहे का विचारायचं होतं! तोवर मी फक्त सदावर जळत होतो. त्या रविवारपासून कांबळे सरांवरही थोडा जळायला लागलो.

*

आता जरा कबुली.

एकदा सदा कागदांचा गठ्ठा घेऊन वर आला. "मास्तर, नावांचे अर्थ जरा तपासून द्या. माझं इंग्रजी तुमाला ठावंच हाय."

नऊशे नावं होती. नाही म्हणता आलं असतं. पण मी चष्मा लावला आणि बसलो. डायरीत ओळीनं नोंदी आहेत. 'आज सदाची क ची नावं तपासली.' 'आज म संपला.' 'आज स. स फार मोठा आहे. का करतोय हे?'

मधे ध लागला होता. 'धीरज' या नावापुढं सदानं अर्थ दिला होता, 'चपळ, वेगवान'. पेन्सिल उचलली. खाली ठेवली. नऊशेतली एवढी एक चूक मी तशीच सोडली. कोणीतरी जाणता वाचेल, हसेल, साईटचं नाव जाईल, एवढीच इच्छा होती.

अर्थ सुधारल्यावर सदाची साईट आणखी वर गेली. दीड वर्षानं एक ईमेल आली, ती त्यानं छापून आणली आणि बैठकीत वाचायला माझ्याकडंच दिली. परदेशातल्या एका बाईनं लिहिलं होतं, की तुमच्या साईटवरून मुलाचं नाव धीरज ठेवलं. अर्थ इतका खरा ठरला, की नऊ महिन्यांचा आहे आणि घरभर पळतोय. आभार!

"मास्तर, ह्यात निम्मं पुण्य तुमचं!" सदा म्हणाला.

*

शेवटी व्याख्यानाचा किस्सा.

शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाला 'वेबसाईट आणि जाहिराती' या विषयावर कुणीतरी बोलायला हवं होतं. ते आधी सदाकडं गेले. सदा म्हणाला, "मला बोलाय कुठं येतंय! आमच्या मास्तरांना बोलवा. त्यांचं ज्ञान लई हाय." म्हणजे स्टेजसुद्धा मला त्यानंच दिलं!

तरी मी जीव लावून तयारी केली. इतक्या वर्षांत एकदा तरी आम्हा चौघांत मीच जाणता हे गावासमोर दिसावं, एवढंच मनात होतं.

कंपनीनं तेव्हा नवी तऱ्हा काढली होती. आधी मशीन पान वाचून जाहिरात लावायचं. आता ते माणूस वाचायला लागलं होतं. तुम्ही कुठल्या कुठल्या साईटवर डोकावलात याची खूण तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवायचं, आणि मग तुम्ही कुठंही गेलात तरी त्याच मालाची जाहिरात पुढ्यात आणायचं. जिल्ह्यात हे माझ्याइतकं कुणी वाचलं नसेल.

त्याच महिन्यात माझं आणखी एक काम चाललं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. बाळांच्या नावांची साईट मीही काढणार होतो. सदापेक्षा मोठी. दुपारी क्लास सुटला, की दार लोटून मी नावांच्या साईटी बघायचो, पाळण्यांची दुकानं बघायचो, लंगोटांचे प्रकार आणि बाटल्यांचे भाव उतरवून घ्यायचो. तीन आठवडे.

रविवारी सकाळी माझाच कॉम्प्युटर रिक्षात घालून हॉलवर नेला. पडदा लावला. पहिल्या रांगेत सदा, बसूअण्णा, कांबळे सर. तिसऱ्या रांगेत माझी बायको मंगल, नवी साडी नेसून. मला स्टेजवर ती पहिल्यांदाच बघत होती.

व्याख्यान रंगलं. मी ठणकावून सांगितलं, "आता जाहिरात पान बघून येत नाही, माणूस बघून येते! ज्याचा कॉम्प्युटर, त्याच्या मनातलं पडद्यावर! हे मशीन खोटं बोलत नाही!"

टाळ्या पडल्या. मी पन्हाळ्याचं पान उघडलं.

तटबंदीच्या वर लंगोट. उजव्या बाजूला पाळणा. खाली एक गुटगुटीत बाळ, आणि 'आई होणार आहात?'

"थांबा, बदलतं हं," म्हणून मी पान पुन्हा उघडलं. दुधाची बाटली आली.

मागून एक भांड्यांचे व्यापारी उठले. "सर, हा कॉम्प्युटर कुणाचा?"

"माझाच."

"आणखी कोण वापरतं?"

"कुणाला हात लावू देत नाही," मी म्हणालो. सवयीनं, अभिमानानं.

सदा पुढं सरकून पडद्याकडं बघत होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर, ह्या तर माझ्या साईटवरल्या जाहिराती हाईत की. तुमच्या किल्ल्यावर कशा आल्या?"

त्यानं आणखी दोन मिनिटं विचार केला असता, तर त्याला सगळं कळलं असतं.

तेवढ्यात भांडीवाले ओरडले, "अहो, कळलं न्हाय व्हय? सरांच्या घरात गोड बातमी हाय!"

सगळा हॉल मागं वळून मंगलकडं बघायला लागला. तिला सत्तेचाळीस पूर्ण झाली होती. तिनं पदर तोंडावर धरला. लोकांना वाटलं लाजली.

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण समोर सदा बसला होता. मी कीबोर्डकडं बघत मान हलवली.

टाळ्यांचा नुसता कडकडाट! सदाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तो धावत स्टेजवर आला, डोळ्यांत पाणी, मला कडकडून मिठी मारली आणि माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा म्हणाला,

"मास्तर, नाव मात्र माझ्याच साईटवरनं घ्यायचं! तुमास्नी फुकट!"