पाणकावळा शिवला

माणूस जातो, पण त्याची इच्छा मागे राहते. हे गंभीर वाक्य मी आयुष्यात अनेकदा ऐकलं आहे, आणि दर वेळी जेवण लांबलेलं होतं.

अण्णाकाकांचा पहिला पक्ष होता. काका आणि सुशीलाकाकू नारायण पेठेत आमच्याच इमारतीत, आमच्या समोरच्या दाराआड राहायचे. काका म्हणजे खाकरणं. बोलण्याआधी ते घशातून एक लांब ‘ख्रर्रर्र’ काढत, क्षणभर थांबत, मग एक आखूड ‘ख्रक्’. त्यानंतर जे वाक्य यायचं ते समोरच्याच्या फायद्याचं कधीच नसायचं. जिन्यात ख्रर्रर्र ऐकू आलं की दूधवाला पिशवी तिथेच ठेवून खाली पळायचा. काका चैत्रात गेले तेव्हा इमारतीला सगळ्यात आधी शांतता जाणवली. पहिले काही दिवस तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

काकूंना मधुमेह. सकाळची गोळी घेतली की वेळेवर खावं लागतं. गोळी त्यांनी घेतली होती. पण पानाला कावळा शिवल्याशिवाय आपण घास घेणार नाही, असं त्यांनी आंघोळ झाल्या झाल्या जाहीर केलं; आणि काकूंनी जाहीर केलेलं मागे घेतल्याचं उदाहरण आमच्या घराण्यात नाही.

पान गच्चीवर ठेवलं. मंडईतून निवडून आणलेली गवार, भोपळा, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं यथास्थित. आणि आले ते पारवे. पानाभोवती गोल करून, माना हलवत, सोसायटीच्या सभेसारखे बसले. कावळ्याचा पत्ता नाही.

“काकांची काही इच्छा राहिली असेल,” माझी बायको मेधा हळूच म्हणाली.

“यांना इच्छा नव्हत्या,” काकू म्हणाल्या. “तक्रारी होत्या.”

तरी रीत म्हणजे रीत. हात जोडून आम्ही वचनं द्यायला सुरुवात केली. बाल्कनीतली जुनी वर्तमानपत्रं रद्दीत घालणार नाही. खालच्या मजल्यावरच्यांशी अबोला चालू ठेवू. (हे पाळायला सोपं होतं.) मी घराण्यातला मान्यताप्राप्त नास्तिक, तरी मीसुद्धा पाण्याच्या टाकीकडे बघून, ‘काका, तुमची आरामखुर्ची विकणार नाही’ असं बोलून बसलो. टाकीने प्रतिसाद दिला नाही. काकूंचे हात एव्हाना किंचित थरथरायला लागले होते.

“काकू, निदान बिस्कीट तरी खा.”

“बिस्कीट काय पळून जातंय का? कावळा आणा.”

मेधाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आमचा सबंध संसार होता.

“अहो, तुम्ही पक्षीवाले ना? दर रविवारी शाळेच्या मुलांना पक्षी दाखवता. आज घरच्यांना एक कावळा दाखवा.”

इथे सांगायला हवं की ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी वाघोलीच्या बाजूला, नदीकाठच्या एका पाणथळ जागेवर स्वयंसेवक झालो. तिथले प्रमुख केतकर साहेब. एका कारखान्यात अधिकारी होते; कारखाना सुटला, अधिकार सुटला नाही. त्यांनी आम्हाला शेवाळी रंगाची जाकिटं दिली आहेत, ज्यांच्या पाठीवर ‘स्वयंसेवक’ असं लिहिलंय. गळ्यात शिट्टी मात्र फक्त साहेबांच्या. त्यांच्या देखरेखीखाली मी मुलांना फिरवतो, आणि माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य असं : “मुलांनो, पाणकावळा हा नावाचाच कावळा. कावळ्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.” हे मी मुलांकडून तीनदा म्हणवून घेतो.

तर डब्यात पान भरलं, काकूंना गाडीत बसवलं आणि निघालो. जाकीट मी सवयीने घातलं.

हिवाळ्यात ही जागा पाहण्यासारखी असते. बदकं उतरतात, कॅमेरे येतात, कॅमेऱ्यांच्या मागून माणसं येतात. भाद्रपदात यातलं काही नसतं. आम्ही पोचलो ती वेळ भर दुपारची होती, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की घड्याळावर विश्वास बसू नये. पावसाची भुरभुर, पाण्यावर धुक्याचा पातळ थर. नदीचं पाणी काठ ओलांडून बाभळीच्या बनात शिरलेलं होतं, आणि त्यातल्या मेलेल्या बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, विष्ठेने पांढऱ्या पडलेल्या. प्रत्येक फांदीवर एक काळी आकृती, दोन्ही हात पसरून. एकही हलत नव्हती. मी ती झाडं शेकडो वेळा पाहिली आहेत. पण कोरड्या डोळ्यांनी पाहणं वेगळं आणि मांडीवर पितरांचं पान घेऊन पाहणं वेगळं.

“ते कोण आहेत?” काकूंनी विचारलं. ‘काय’ नाही, ‘कोण’.

“पक्षी आहेत, काकू. पंख वाळवतायत.”

“पावसात?”

मी गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली.

पण कावळे? एकही नव्हता. आणि त्याचं कारण मला तिथे पोचल्यावर आठवलं. काठावर पूर्वी कचऱ्याचा मोठा ढीग होता. उन्हाळ्यात आम्ही स्वयंसेवकांनी तो सगळा उचलला. त्यावर भाषणं झाली, श्रीफळं वाढवली. कावळे भाषणांना थांबले नव्हते.

पान ठेवायला एकच कोरडी जागा होती, पाण्याच्या कडेचा दगडी ओटा. त्या ओट्यावर एक पाटी आहे : ‘पक्ष्यांना खाद्य घालण्यास सक्त मनाई आहे.’ मजकूर माझा, ऱ्हस्वदीर्घ मीच तपासलेलं. पाटीखाली मी पान मांडलं आणि आम्ही तिघं मागच्या बांबूच्या खोलीत जाऊन बसलो. तट्ट्यांची ही एक अंधारी खोली आहे, डोळ्यांच्या उंचीवर फटी, आत एक बाक. पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून केलेली. साहेब तिला ‘निरीक्षण कुटी’ म्हणतात. मुलं ‘भूतबंगला’ म्हणतात.

आत बसलो. फटीतून पान दिसत होतं, त्यापलीकडे धुकं, धुक्यात ते हात पसरलेले काळे. पाऊस आवाज न करता पडत होता.

आणि धुक्यातून आवाज आला.

“ख्रर्रर्र...”

मेधाने माझा दंड पकडला. क्षणभर थांबून, अगदी तेवढंच थांबून,

“ख्रक्.”

हे मला माहीत होतं. वीण चालू असली की पाणकावळे घरट्यापाशी घोगरं घुरघुरतात. पुस्तकात आहे. मी हे मुलांना सांगतो. पण पुस्तक घरी होतं, आणि माझ्या मानेवरचे केस पुस्तक न वाचताच उभे राहिले होते. कारण खाकरून झाल्यावर आता वाक्य येणार, अशी मी वाट पाहत होतो. (वाक्य माझ्या जाकिटाबद्दल असणार, याची खात्रीही होती.)

काकूंनी पदर सारखा केला. “अहो,” त्या फटीतून म्हणाल्या, “आलात का?”

“ख्रर्रर्र.”

“काकू, तो पक्षी—” मी म्हणालो.

“तू मधे बोलू नकोस. यांना आवडत नाही.” मग पुन्हा फटीकडे, “कुठे आहात? बरे आहात ना?”

“ख्रर्रर्र... ख्रक्.”

“पाण्यात उभे राहू नका हो. कफ होतो.” काकू फटीला आणखी चिकटल्या. “बरं ऐका, तो गीझर दुरुस्त करणारा माणूस कुठला? त्याचं नाव काय?”

शांतता. एकाही झाडावरून हूं की चूं नाही.

“बघ,” काकू मला म्हणाल्या, “हे असंच. कामाचं विचारलं की गप्प.”

मेधा माझ्या कानाशी लागली. “त्यांना घाम आलाय. हात गार पडलेत.” मी काकूंचा हात धरला. बर्फ. डोळे फटीवर, पण नजर पलीकडे कुठेतरी. साखर उतरली होती आणि उरलेल्या वड्यांचा डबा मेधाच्या मांडीवर असून ही बाई खाणार नव्हती. दवाखाना गाडीने अर्ध्या तासावर. भुतांची भीती मला त्या क्षणी पूर्ण गेली; तिच्या जागी जी आली ती जास्त वाईट होती.

तेवढ्यात कुटीचं दार करकरलं आणि उजेडात एक टोपी उभी राहिली.

“श्रीधरराव? आपण? ओट्यावर ते खाद्य कुणी ठेवलंय?”

“मी, साहेब.”

“आपल्याच पाटीखाली?”

“काकांचं पान आहे. कावळा शिवत नाहीये.”

केतकर साहेबांनी शिट्टी हातात घेतली. “नियम हा नियम असतो, श्रीधरराव. उद्या प्रत्येकाचे काका—”

“ख्रर्रर्र,” धुकं म्हणालं.

साहेब थांबले. टोपी काढली. “कोण आहे तिकडे?”

“हे आहेत,” काकू म्हणाल्या. “बसा ना.”

साहेब बसले. अंधारात आम्ही चौघं एका बाकावर, गुडघ्याला गुडघा लावून. आणि तेव्हा त्या बाभळीवरची एक काळी आकृती सुटली. पंखांचा आवाज न करता, पाण्याला जवळजवळ चिकटून, ती सरळ आमच्याकडे आली आणि ओट्यावर उतरली. माझ्या पाटीखाली. ओली, काळी, चोचीला आकडा, एक हिरवट डोळा फटीवर रोखलेला. तिने सावकाश दोन्ही पंख पसरले. मग एक पाऊल उचललं आणि खिरीत ठेवलं.

“शिवला,” काकू पुटपुटल्या. मग शंका आली. “श्रीधर, हा कावळाच ना?”

माझ्या तोंडून सवयीने ‘नावाचाच’ इथपर्यंत निघालं होतं. मेधाने माझ्या पावलावर पाऊल ठेवलं, तेही खिरीतल्यापेक्षा जोरात.

“पाणकावळा आहे, काकू.”

“म्हणजे कावळाच की. पाण्यातला.”

“शास्त्रीयदृष्ट्या पाहता—” केतकर साहेबांनी सुरुवात केली.

“साहेब,” मेधा म्हणाली, “शास्त्र नंतर पाहू. आधी बाई पाहा.”

काकूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. “घरातला म्हणून नको सांगूस. घरातले काय, काहीही सांगतात. तो कोट घातलायस ना? त्या कोटाचा म्हणून सांग.”

मी उठून उभा राहिलो. छताला डोकं आपटलं. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि वर्षानुवर्षं निरागस मुलांच्या डोक्यात जे घातलं होतं ते एका वाक्यात बाहेर काढलं : “काकू, स्वयंसेवक या नात्याने सांगतो, हा कावळाच. मोठ्या घराण्यातला.”

साहेबांना हे सोसलं नाही. ते शिट्टी फुंकणार नव्हते, असं ते आजही म्हणतात. धक्क्याने श्वास गेला आणि शिट्टी मधे होती. कुटीच्या आत ती बंदुकीसारखी वाजली. बाभळींवरचे सगळे काळे एकदम उठले, आभाळ फाटल्यासारखे. ओट्यावरच्याने मान ताणली, घसा फुगवला, “ख्रर्रर्र... ख्रक्” केलं आणि पानावर, भात आणि गवारीच्या बरोबर मधे, एक चिलापी मासा टाकून उडून गेला.

आमचं घराणं शाकाहारी. लसूणसुद्धा आमच्याकडे पाहुणा म्हणून येतो.

काकूंनी फटीला नाक लावून तो मासा नीट पाहिला.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “दर बुधवारी कचेरीतून उशीर. आणि आले की तोंडात ही एवढी बडीशेप. सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं यांना?” मग मेधाकडे हात पुढे केला. “दे तो वडा.”

त्यांनी तीन वडे खाल्ले. चेहऱ्यावर रंग आला, हातांची थरथर थांबली, आणि वड्यात मीठ कमी आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा आम्ही खरा श्वास सोडला. डबा भरून बाहेर निघालो तर मागे बाभळींतून एकदा पुन्हा, सावकाश, खाकरल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. झाडांवर एकही पक्षी नव्हता. मी दुर्बिणीतूनही पाहिलं. मग दुर्बिणीची काच पुसून पुन्हा पाहायचं मी टाळलं.

गाडीपाशी केतकर साहेबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, जाकीट परत मागणार.

“श्रीधरराव,” ते नदीकडे बघत म्हणाले, “येत्या नवमीला आमच्या आईचं पान आहे. शिट्टी आपण वाजवाल का? माझा श्वास पुरत नाही.”

नवमीला मी शिट्टी वाजवली. पाणकावळे उडाले, पानावर काहीच पडलं नाही. साहेबांच्या मातोश्री शुद्ध शाकाहारी होत्या, असं निदान मी जाकीट घालून केलं.