जमनाबाईचा हातगुण

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. पार्वताकाकूंना तर नाहीच — त्यांना सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. तुम्हालाही सांगायचं नाही असं दोनदा ठरवलं होतं. पण तोंड उघडलंच आहे, तर आता होऊन जाऊ दे.

गोष्ट कोंबड्यांची आहे. हसू नका.

कळंबजवळ आमचं खेडं. नवरा शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. शिकले चौथीपर्यंतच, मान मात्र फुकटात मिळाला. दुपारी पुरुषमाणसं कामाला गेली की आम्ही चौघी माझ्या ओट्यावर जमायचो — शेजारच्या पार्वताकाकू, समोरची गंगा, मी, आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी जमनाबाई. चौघींकडे कोंबड्या. कुणाची खुडूक होऊन बसली, कुणाची चोरून कुंपणात अंडी घालते, कुणाचं पिल्लू घारीनं उचललं, यातच दुपार सरायची. सासवांचा नंबर त्यानंतर.

यात जमनाबाई सगळ्यांत जाणती. खुडूक कोंबडीखाली अंडी उबवायला मांडायची तर तिनंच, असं अख्ख्या गावाचं मत होतं. तिचा हातगुणच तसा, म्हणायचे. एरवी तांड्यावरच्या बाईला कोण घरात घेतं? ओट्याच्या पायरीवरच बसवायचे. पण अंडी मांडायची असली की तीच जमनाबाई स्वयंपाकघराशेजारच्या खोलीपर्यंत जायची. तिला त्याचं फार अप्रूप होतं. बाजाराच्या दिवशी तिला तीन-चार दारांतून हाका यायच्या, आणि ती मुद्दाम सावकाश चालायची. मला ते दिसायचं. मला ते — खरं सांगू? — खुपायचं.

त्या वर्षी ग्रामसेवकांनी सांगितलं की सरकारी केंद्रातून विलायती कोंबड्यांची अंडी मागवता येतात, ती कोंबडी जवळजवळ रोज अंडं देते. आम्ही चौघींनी मिळून मागवली. अर्ज मी लिहिला. माघात एस.टी.नं टोपली आली. भुशात पुरलेली अठरा अंडी, चुन्यासारखी पांढरी, आणि एकही फुटलेलं नाही. गंगा तर टाळ्याच पिटायला लागली. मी म्हटलं, आत्ताच मांडू. जमनाबाईनं माझा हात धरला.

"धक्के खात आले ते, बाई. एक दिवस निजू द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या छोट्या खोलीत दोन टोपल्यांत नऊ-नऊ मांडली. एक कोंबडी माझी, एक तिची. माझ्या खोलीला दार होतं, मुंगूस शिरत नसे, म्हणून माझं घर. त्यानंतर माझ्या घरात जी गर्दी सुरू झाली! पण येणारी प्रत्येक बाई विचारायची काय? — "जमनाबाई काय म्हणते?" घर माझं, अर्ज माझा, दाणापाणी मी करते. आणि जमनाबाई काय म्हणते!

ती म्हणाली होती, अठराव्या दिवशी पाण्यात सोडून पाहू. अशी रीत आहे. परातीत कोमट पाणी घ्यायचं, अंडी हलकेच सोडायची. जिवंत पिल्लू असलेलं अंडं पाण्यावर हलतं. पाणी कसं हवं ते कोपर बुडवून बघायचं, बोटांनी नाही. हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

आता ते सांगते. सतराव्या दिवशी सकाळी घरात कुणी नव्हतं. अंघोळीचं पाणी चुलीवर होतं. वाटलं, आपणच आधी पाहावं. उद्या सगळ्या जमतील तेव्हा मी म्हणेन, अगं मला कालच कळलं. एवढंच. एवढ्यासाठी मी दोन्ही कोंबड्या उठवल्या.

पाणी मी बोटांनी पाहिलं. तव्यावरची भाकरी उलटणारी बोटं — त्यांना काय कळणार? अंडी सोडली. ती हलू लागली! एक, मग दुसरं, मग सगळी. मी अशी हरखले! मग ती जास्तच हलायला लागली, थडथड उडायला लागली, आणि मला वाटलं, काय जोमाची पिल्लं आहेत. मी हसत होते हो. बघत बसले होते.

मग एकेक करून थांबली.

तेव्हा मी कोपर बुडवलं. चटका बसला.

अंडी पुसली, परत मांडली, कोंबड्या वर बसवल्या. परात घासून पालथी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. जमनाबाईनं बांगड्या वर सारून कोपर बुडवलं, पाणी बेताचं केलं, अंडी सोडली. अठराच्या अठरा निपचित. तिनं बोटानं पाणी हलवलं, पुन्हा वाट पाहिली. मग माझ्याकडे बघितलं.

"मास्तरीणबाई, कोंबड्या उठल्या होत्या काय?"

"नाही हो," मी म्हटलं. "जागच्या हलल्या नाहीत."

पार्वताकाकू म्हणाल्या, "जमने, तुह्या हाताले काय झालं वं?" मी अंडी पुसून परत टोपल्यांत ठेवू लागले. एकविसावा दिवस गेला, आणखी दोन गेले, मग काकूंनी अंडी फोडली. आत पूर्ण पिल्लं होती, पिवळ्या लवेसकट. गंगा रडली. जमनाबाई रडली नाही. ती आपले तळवे उलटेपालटे करून बघत होती.

त्यानंतर तिला हाका येईनाशा झाल्या. बाजाराच्या दिवशी ती भरभर चालत निघून जायची. पुढे कळलं, ती स्वतःच्या कोंबडीखालीसुद्धा अंडी मांडत नाही, सुनेला सांगते. लोकांनी म्हणणं वेगळं. पण तिनं ते मानलं. आणि खरं काय ते ठाऊक असलेली एकटी मीच.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. जमनाबाई बघायला आली. पायरीवरच उभी राहिली, हात ओढणीखाली. मी म्हटलं, "आत या, घ्या ना याला." बाळ पुढे केलं.

ती मागे सरली. "नोको बाई. माहा हात बरा नाई."

तेव्हा सांगता आलं असतं. घरात दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? पुढे केलेलं बाळ परत छातीशी घेतलं आणि म्हटलं, "बरं."

ती लांबूनच बाळाची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडून गेली.

मुलगा आता शाळेत जातो. तांडा माझ्या दारातून दिसतो, चालत गेलं तर घटकाभराचीही वाट नाही. दुपारी मला काही काम नसतं. मी अजून गेलेले नाही.