रात्रीचे जन्म

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. आईला नव्हतं, सुधाकरला नाही, आणि जिला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं — तिला तर नाहीच. तुमच्यापाशी पहिल्यांदा तोंड उघडतोय. अडखळलो तर समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

मी जालन्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. दर वर्षी एखादं तरी पोरगं विचारतंच, सर, प्रोग्राम लोकांच्या हातात गेल्यावर चूक निघाली तर ती कुणाची? लिहिणाऱ्याची, तपासणाऱ्याची, की घाई करणाऱ्या मालकाची? मी फळ्याकडे वळतो आणि सांगतो, सगळ्यांची थोडी थोडी. पोरं ते लिहून घेतात. मी फळ्याकडे का वळतो, हे त्यांना कसं कळणार?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मंठ्याहून डिप्लोमा करायला आलेला मी जालन्याच्या मस्तगडात पारसशेठच्या दुकानी कामाला लागलो. शेठचं घराणं मूळ राजस्थानातलं, पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या व्यापारात. हा एकटाच कॉम्प्युटरच्या नादी लागला. दुकानात चपला बाहेर काढून जायचं आणि मशीनला गार वारा मिळतो ना, एवढंच आधी बघायचं, माणसं घामाघूम झाली तरी चालतील. कॉम्प्युटर कशासाठी घ्यावा हे तेव्हा आमच्याकडे कुणालाच उमजत नव्हतं. पण शेठ व्यापाऱ्याचा पोरगा. तो म्हणाला, "लोकांना हिशेब नको असतील, पण लग्नं तर सगळ्यांचीच होतात." आणि पत्रिका काढायचा, जुळवायचा प्रोग्राम करायचं ठरलं.

लिहिणार सुधाकर. माझ्याच बरोबरीचा, आष्टीकडचा, डोक्यानं माझ्याहून कितीतरी पुढे. तपासणार मी. शेठचा नियमच होता तसा. "जो बनवंल त्यानं पास करायचं न्हाई. तू बराबर म्हणला की माल बाहेर, न्हाई म्हणला की घरात." किती सरळ वाटणी — नाही का? पुढं मी मनातल्या मनात ही जबाबदारी कितीजणांच्या गळ्यात घालून पाहिली, पण शेठनं ती आधीच माझ्या हातात ठेवली होती.

त्या वयात मी नास्तिक होतो. नवा शर्ट घालून हिंडावं तसा तो नास्तिकपणा घालून हिंडायचो. पत्रिका, गुण, नाडी — सगळं थोतांड, असं चहाच्या टपरीवर मोठ्यानं सांगायचो. आणि दिवसभर पगार घेऊन तेच थोतांड तपासत बसायचो. याचं मला हसू यायचं. हसू येतंय त्या कामात लक्ष किती असणार, हे तुम्हीच ओळखा.

आता ती चूक सांगतो. नीट सांगायला हवी, कारण ती आमच्याच लोकांची चूक आहे, दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती.

आमच्याकडे दिवस उजाडल्यावर बदलतो. सोमवारी झोपलो आणि पहाटे तीनला पोर झालं, तर आजी म्हणणार — सोमवारच्या रात्री झालं. घड्याळानं मात्र तो मंगळवार. सुधाकर गावचाच माणूस, त्याला हे पक्कं ठाऊक. म्हणून त्यानं प्रोग्राममध्ये घालून ठेवलं की वेळ मध्यरात्रीनंतरची आणि सूर्योदयाआधीची असेल, तर सांगितलेल्या तारखेत एक दिवस मिळवायचा. हुशारीच होती ती. पण दवाखान्यात जन्मलेल्यांचं काय? दवाखाना तारीख घड्याळानंच सांगतो. तिच्यात आणखी एक दिवस मिळवला की माणूस एक दिवस उशिरा जन्मला. आणि एका दिवसात चंद्र एक नक्षत्र पुढं सरकतो.

सुधाकरला शंका होती. वडील आजारी पडले म्हणून तो गावी निघाला तेव्हा स्टँडवर मला म्हणाला, "माझं लिहिलेलं मला चुकलेलं दिसणार न्हाई. रात्रीचे जन्म तेवढे नीट बघ. जल्दी करू नको." मी हो म्हणालो. त्याची एसटी हलेपर्यंत हात हलवत उभा होतो.

तपासायला एका गुरुजींकडून हातानं मांडलेल्या जुन्या पत्रिका आणल्या होत्या. दिवसाचे जन्म घालून पाहिले. जुळले. आणखी घातले, जुळले. मग एक पहाटेचा घातला — नक्षत्र वेगळं आलं.

इथं थांबतो जरा. इथंच थांबायला हवं होतं मी.

पाडवा तोंडावर आलेला. शेठनं पाडव्याचा मुहूर्त धरलेला, मंठ्याच्या, अंबडच्या दुकानदारांना शब्द दिलेला. सुधाकर गावी. त्याला फोन करायचा तर गावातल्या किराणा दुकानात निरोप ठेवा, मग तो येणार, मग बोलणं. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं — गुरुजीच चुकले असतील. त्याच्याही पुढचं वाटलं. गुरुजींचं काय, मशीनचं काय, दोन्ही खोटंच आहे. मग दोन खोट्यांतलं खरं कोणतं हे मी कशाला शोधत बसू? रात्रीचा दुसरा जन्म घालूनसुद्धा पाहिला नाही. पत्रिका गुंडाळून ठेवल्या आणि शेठला सांगितलं, "सगळं बराबर आहे."

पाडव्याला प्रोग्राम भरलेल्या फ्लॉप्यांना हळदकुंकू लागलं. शेठनं पेढा माझ्या हातावर आधी ठेवला. मी तो खाल्ला.

आता शोभा. माझी मावसबहीण, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी धाकटी. मावशीचं घर जालन्यातच, आणि मंठ्याहून आल्यावर पहिलं वर्ष मी त्यांच्याकडेच जेवलो. माझा डबा शोभाच भरायची. तुझ्या कॉम्प्युटरला जेवायला लागत नाही का, असं विचारून मला छळायची.

तिला हसनाबादचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. बघायला आला तेव्हा चहा सांडला त्यानं, आणि शोभाच्या आधी स्वतःच फडकं शोधायला उठला. ती त्याच्यावर खूष झाली ती तिथंच. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "हसनाबादला एसटी सरळ जाते का रे, का भोकरदनला बदलावं लागतं?" मुलगा आवडला की मुली असं काहीतरी विचारतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आमच्यात तोवर नावावरून जमवायचे. नावावरून जमलंही होतं. पण मुलाचे वडील हौशी. जालन्यात कॉम्प्युटर आलाय, मुलीचा भाऊच तिथं बसतो — मग बघून घेऊ की, म्हणाले. काका, म्हणजे शोभाचे वडील, आणि ते पाहुणे दोघं दुकानात आले. खुर्च्यांवर बसले. चपला बाहेर काढून.

मी मुलाची माहिती घातली. मग शोभाची. जन्म जालन्याच्या सरकारी दवाखान्यातला. वेळ — पहाटेचे तीन.

बोटं थांबली माझी. खरंच थांबली. मग चालू झाली.

पत्रिका जुळवताना नाडी बघतात. जन्मनक्षत्रावरून ती तीनपैकी एक ठरते, आद्य, मध्य किंवा अंत्य. मुलाची आणि मुलीची एकच आली की एकनाड, आणि मग बाकी सगळं जुळलं तरी लोक मागं सरतात. मुलाची मध्य होती. प्रिंटर करकरत कागद बाहेर आला. शोभा — मृग नक्षत्र, मध्य नाडी. खाली एकनाड.

पाहुण्यांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला हे लग्न हवं होतं. काका माझ्याकडे वळले. "तू घरचा हायस. बघ बरं पुन्हा एकदा, बराबर हाय का?"

विचारलं होतं त्यांनी मला. सरळ, तोंडावर. याहून जास्त कुणी काय विचारणार?

बाजूच्या टेबलावर शेठ अंबडच्या दुकानदाराला हाच प्रोग्राम दाखवत होता. मी म्हणालो असतो की थांबा, रात्रीच्या जन्मांत गडबड आहे — तर शेठनं विचारलं असतं, मग बराबर कसं म्हणालास? एवढंच झालं असतं. फार तर नोकरी गेली असती. मी तीच माहिती पुन्हा घातली. तेच आलं. दुसरं येणार कुठून? आणि मी म्हणालो, "मशीन चुकत न्हाई, काका."

थोतांड मानणारा मी. ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, त्याची हमी मी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाच्या जन्मसालचं पंचांग घेऊन बसलो. जे आधी करायचं ते नंतर केलं. शोभाचं नक्षत्र रोहिणी. नाडी अंत्य. मुलाची मध्य. एकनाड नव्हतीच.

मावशीचं घर दुकानापासून चालत जाण्याइतकं जवळ. गेलो नाही. म्हटलं संध्याकाळी जाऊ, मग म्हटलं रविवारी. रविवारी गेलोही — जेवलो आणि परत आलो. शोभानं वाढलं. कॉम्प्युटरवरून काही बोलली नाही ती. मावशी म्हणाली, "मास्तरचं दुसरीकडं जमून राह्यलंय म्हणं." जमून राह्यलंय. म्हणजे अजून जमलेलं नव्हतं. त्या वाक्यातसुद्धा माझ्यासाठी जागा होती. मी भात मागितला.

सुधाकर परतला तेव्हा त्यानं पहिलं तेच विचारलं, "रात्रीचे बघितले ना?" बघितले, म्हणालो. काही दिवसांनी सहज सुचल्यासारखं दाखवून त्याला म्हटलं, तारीख घड्याळाची की सांगण्यातली, असा एक प्रश्न पडद्यावर घातला तर? तो कपाळावर हात मारून हसला, मला हुशार म्हणाला. ती सुधारणा माझ्या नावानं झाली. पण गावोगाव गेलेल्या जुन्या फ्लॉप्या? त्या परत मागवा म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं. त्या तशाच चालत राहिल्या. पहाटे जन्मलेल्या किती पोरींची लग्नं त्यांनी मोडली, किती नको ती जुळवली, मला माहीत नाही. शोभाचं माहीत आहे म्हणून शोभाचं सांगतोय.

एकदा मोडलं की गावात बोभाटा होतो. पोरीची नाड आडवी आली, असं लोक म्हणू लागले. नाडी दोघांची असते, आडवी एकटीचीच कशी येईल? पण लोक म्हणतात, आणि शोभानं ते स्वतःबद्दल खरं मानलं. पुढची स्थळं अडली. तिनं उपास धरले. काही वर्षांनी परभणीकडच्या एका घरी दिली. नवरा वयानं बराच मोठा. मारत नाही, पीत नाही, बोलतही नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. शोभा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाआधी नावाचं अक्षर हवं म्हणून पोरीला दुपट्यात गुंडाळून ती स्वतः दुकानात आली. मला म्हणाली, "गुरुजीकडं गेलेच न्हाई. तू काढलेलंच खरं असतंय." मी मान खाली घालून माहिती घातली. पोर दवाखान्यातली. पहाटेची. सुधारलेल्या प्रोग्रामनं तारीख घड्याळाची का म्हणून विचारलं, मी हो दाबलं.

मघा नक्षत्र. अक्षर ‘मी’. नाडीच्या ओळीशी येऊन थांबलो — अंत्य. जी शोभाची खरी होती तीच.

ती जवळ सरकली. आवाज अगदी खाली आणला, पोरीनं ऐकू नये म्हणून असेल. "नाडी माझ्यासारखी न्हाई ना रे आली? तेवढं सांग. बाकी काही का असंना."

त्या वेळी दुकानात तिसरं कुणी नव्हतं. शेठ बाहेर गेला होता. नोकरीची भीती उरली नव्हती, मी दुसरीकडे जायचंच ठरवलं होतं. लाजेची भीतीसुद्धा कसली — समोर एकटी शोभा, जिनं माझा डबा भरला. कुठलंच कारण उरलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो. "तुझ्यासारखी न्हाई आली."

तिनं डोळे मिटले, पोरीला छातीशी घट्ट धरलं, आणि मग वाकून आपल्या हातानं कॉम्प्युटरला नमस्कार केला. मी बाजूलाच बसलो होतो.