मोतीरामचा पक्का डाग

अमडापूरच्या आठवडी बाजारात मोतीरामचं दुकान म्हणजे एक पोतं, एक भाता आणि पुढ्यात मांडलेली कुकरची झाकणं. बायांचा त्याच्यावर भारी भरवसा. मोतीरामनं बुजवलेलं झाकण पुन्हा म्हणून कधी उसासत नसे.

आता कुकरच्या झाकणात शिट्टीशिवाय एक बारीक बटण असतं, सेफ्टी वॉल्व्ह. त्याच्या पोटात मऊ धातू भरलेला असतो. त्याची गंमत अशी, की दोन-तीन धातू नेमक्या प्रमाणात मिसळले की ते एकेकट्यापेक्षा फार लवकर वितळतात, आणि तेही एकदम, मधे लापशी होत नाही. मोबाइलच्या आतल्या झाळकामापासून आग लागली की पाणी सोडणाऱ्या नळापर्यंत आज याच गुणावर काम चालतं. हल्ली तर त्यातलं विषारी शिसंही काढून टाकू लागलेत. कुकर फाजील तापला की बटण वितळायचं, वाफ बाहेर, माणूस सलामत. बस, एवढंच त्याचं काम.

पण कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर कुकर चढवणाऱ्या बायांना तेच नको होतं. पाणी आटलं की बटण गेलंच. डाळ अर्धी कच्ची आणि नवरा जेवायला दारात!

"भाऊ, हे घडी घडी काऊन जाते? एकदाचं पक्कं करून द्या ना!"

मोतीरामनं पक्कं करून दिलं. जुन्या बॅटरीचं शिसं वितळवायचं, त्यात चिमूटभर कथील टाकायचं आणि त्याचा डाग देऊन भोक बुजवायचं. हा डाग सहसा वितळायचा नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचाच त्याला तोरा होता. अरे बाबा, तिथे न वितळणं हाच गुन्हा! पण सांगणार कोण?

यंदा पौषात, त्याच्याकडून झाकण पक्कं करून नेलेल्या सिंधूताईच्या घरी तुरीचं साल शिट्टीच्या नळीत अडकलं. वाफेला वाटच राहिली नाही. झाकण उडालं ते थेट तिच्या तोंडावर. उजवा डोळा गेला.

मोतीराम भेटायला गेला, तेव्हा ते झाकण कोपऱ्यात पडलं होतं. कडा वाकलेल्या, आणि त्याचा डाग मात्र जागच्या जागी.

सिंधूताई उठून बसली. "या भाऊ. तुमचा डाग पाहा, एवढ्यातबी हालला नाही. यायनं नवा कुकर आनला. त्यालेबी असाच पक्का करून द्या."

'हाव' म्हणून तो निघू शकला असता. कुणाला काय कळणार होतं? पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या झाकणावर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, तुमचा डोळा म्या फोडला. हा डाग वेळेवर वितळला असता, तं झाकण उडालं नसतं."

ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. झाकण तेवढं त्याच्या हाताखालून ओढून घेतलं. मग एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत तिनं विचारलं,

"मंग बाकीच्या बायायचं कसं?"

मोतीराम एकेक बाई आठवू लागला. इतक्या वर्षांत पार साखरखेर्ड्यापासूनच्या बाया त्याच्या पोत्यासमोर बसून गेल्या होत्या. बाजारात आलेल्या बाईला गाव कोण विचारतं? झाकण पिशवीत टाकायच्या आणि हसत घरी जायच्या.